लॅपटॉप पाच वर्षांचा झाला म्हणून मोडीत काढताय? या चुका टाळा

ठाण्यात स्टेशनजवळच्या दुकानात जा नाहीतर वाशीला, लॅपटॉप काउंटरवर ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती वर्षं झाली?" पाच म्हणालात की नव्या मॉडेलच्या किमती सुरू. लॅपटॉप चार ते सहा वर्षं टिकतो हा ढोबळ हिशोब खोटा नाही, पण फक्त वय बघून लॅपटॉप बदलणं ही यातली सगळ्यात महागडी चूक. नेमकं काय बिघडलंय आणि ते बदलता येतं का, हे आधी बघा.

"हळू चालतो" ही नेहमीची तक्रार. विंडोजमधलं टास्क मॅनेजर उघडा, त्यात लॅपटॉपचा कुठला भाग किती कामात आहे ते दिसतं. काहीच चालू नसताना डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर दोष बहुतेक जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली की तोच लॅपटॉप मिनिटांऐवजी सेकंदांत सुरू होतो. रॅम (चालू कामासाठी लागणारी मेमरी) चार जीबी असेल तर आठ करून घ्या. मात्र बऱ्याच स्लिम मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे बदलता न येणारी असते, तेव्हा इंटरनेटवर मॉडेल नंबर टाकून खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी चूक धुळीची. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना सांगायला नको. मेट्रोचं काम, टॉवरांची बांधकामं, आणि आपण खिडकी उघडी ठेवून लॅपटॉप गादीवर घेऊन बसतो. खालची जाळी गादीने बंद, पंख्यात धूळ. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि आपण म्हणतो, लॅपटॉप म्हातारा झाला. वर्षा-दोन वर्षांनी आतून साफ करून घ्या. जुना असेल तर थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप) बदलायला सांगा.

बॅटरी तर झिजणारच. साधारण तीनशे ते पाचशे चार्ज सायकलनंतर (एक सायकल म्हणजे एका पूर्ण चार्जइतका वापर) बऱ्याच बॅटऱ्यांची क्षमता जाणवण्याइतकी उतरते. घरून काम करताना दिवसभर चार्जर लावलेला असेल, तर कंपनीच्या ॲपमध्ये ऐंशी टक्क्यांची मर्यादा लावता येते का बघा. बॅटरी उतरली म्हणून लॅपटॉप टाकायचं कारण नाही. पण टचपॅड वर आलंय, झाकण नीट बसत नाही, तळ फुगलाय, असं दिसलं तर चार्जिंग त्याच क्षणी बंद. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, घरी उघडायची तर मुळीच नाही. "अजून चालतेय की" हे इथे ऐकून घेऊ नका.

ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत बॅग छातीशी दाबून उभं राहणाऱ्यांनी चार्जर आणि माऊस वेगळ्या कप्प्यात ठेवावा. स्क्रीन अशाच दाबाने जाते.

मग बदलायचा कधी? विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेसाठीची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. इथेही घाई नको: टीपीएम असतं, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असतं, असं पुष्कळदा होतं. विंडोज 11 चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक ॲप चालवून बघा. प्रोसेसरच या अटीत बसत नसेल आणि काम ब्राउझरपुरतंच असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाकून तो मुलांच्या अभ्यासाला चालतो. बँकेचे व्यवहार किंवा ऑफिसचं काम अपडेट बंद झालेल्या विंडोजवर करू नका. आणि मदरबोर्ड गेला, खर्च नव्याच्या निम्म्यावर चालला, तर दुरुस्तीचा हट्ट सोडा. नवा घ्यायची हौसच असेल तर खुशाल घ्या, फक्त खापर जुन्यावर फोडू नका.

जुना देताना लोक फाइली डिलीट करतात आणि निर्धास्त होतात. डिलीट केलेलं परत काढता येतं. विंडोजमध्ये रीसेट करताना सगळं काढण्याचा पर्याय निवडा आणि त्यातली ड्राइव्ह साफ करण्याची सेटिंग चालू करा. लॅपटॉप बंदच पडला असेल तर डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा, बाकीचा सांगाडा भंगारवाल्याऐवजी अधिकृत ई-कचरा संकलनात द्या.