कमी खारट झऱ्यात मीठप्रेमी शोधताना

झऱ्यात मीटर बुडवायचा, मिठाचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास दिसलं की ‘इथे मीठप्रेमी सूक्ष्मजीव असणं शक्य नाही’ म्हणून परत फिरायचं, असं करणारे विद्यार्थी मी बरेच पाहिले आहेत. या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी झोडलटोन झऱ्याबद्दल सांगतो. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या नैऋत्य भागातला हा गंधकाने भरलेला झरा. पाण्यात मीठ एक टक्क्याच्या आत, म्हणजे समुद्रापेक्षाही बरंच कमी. हॅलोआर्किया या आर्कियांच्या (बॅक्टेरियासारखे दिसणारे, पण वेगळ्या शाखेचे एकपेशी जीव) मीठप्रेमी गटाला वाढायला साधारण नऊ टक्क्यांच्या वर मीठ लागतं, असं आपण शिकलेलो असतो. तरीही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मुस्तफा एल्शाहेद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तिथल्या आर्कियांची डीएनएवरून केलेली पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात हॅलोआर्कियांचाच मोठा भरणा निघाला. पुढे त्याच झऱ्यातून हॅलाडाप्टॅटस पॉसिहॅलोफिलस (२००७) आणि हॅलोसार्सिना पॅलिडा (२००८) या नव्या जातींची रीतसर नोंद झाली. यातली पहिली जाती ०.८ मोलर मिठात, म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आसपासही वाढू शकते.

मग एवढं मीठ त्यांना मिळतं कुठून? मीटर सांगतो ती वाहत्या पाण्याची सरासरी. सूक्ष्मजीव राहतो मिलिमीटरभर जागेत. काठावर पाणी वाळतं, मातीवर पांढरी पापडी धरते आणि तेवढ्या पट्ट्यात मीठ कितीतरी पट वाढतं. पाऊस आला की ते पुन्हा उतरतं. म्हणून उगमाचा गाळ, सूक्ष्मजीवांचे हिरवे-जांभळे थर आणि काठावरची पापडी यांचे नमुने वेगवेगळ्या कुप्यांत घ्या, प्रत्येकाचं मीठ वेगळं मोजा आणि शेवटचा पाऊस कधी झाला तेही वहीत लिहा. झऱ्यावर जाण्याआधी नमुने घेण्याची लेखी परवानगी हातात असू द्या. नवी जाती सापडली तर तिला नाव देण्याच्या टप्प्यावर तो कागद लागतोच.

प्रयोगशाळेत नमुना पातळ करायला साधं डिस्टिल्ड पाणी कधीही वापरू नका. हॅलोआर्किया पेशीत पोटॅशियम क्लोराईड साठवून बाहेरच्या मिठाशी तोल राखतात, आणि त्यांचं बाहेरचं प्रथिनांचं आवरण मिठामुळेच टिकून असतं. गोड्या पाण्यात बहुतेक जातींच्या पेशी फुटतात. पातळ करायचं ते माध्यमाइतक्याच, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या पोषक मिश्रणाइतक्याच, खारट द्रावणात.

माध्यम एकच करू नका. मिठाच्या चार-पाच पातळ्या ठेवा, अन्न कमी ठेवा. पायरुव्हेट बऱ्याच जातींना मानवतं. पेप्टोनबाबत (प्रथिनं अर्धवट पचवून केलेलं अन्न) मी फार काटेकोर आहे, कारण काही पेप्टोनांत पित्तक्षार असतात आणि ते हॅलोआर्कियांना मारतात. वाढ न होण्याचं कारण नमुन्यात शोधण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचा. बॅक्टेरिया आवरायला अँपिसिलिन हे प्रतिजैविक घालता येतं. आर्कियांच्या भित्तिकेत त्याचं लक्ष्यच नसतं. प्लेट पिशवीत नीट बंद करून उबवा, नाहीतर माध्यम सुकून वर मिठाचे स्फटिक येतात आणि नवी माणसं त्यांनाच कॉलनी, म्हणजे वाढलेल्या पेशींचा ठिपका, समजतात. आणि थांबा. कित्येक आठवडे थांबा. पहिल्या आठवड्यात उगवणारे बहुधा सगळ्यांच्या ओळखीचेच असतात.

लाल कॉलनी दिसली की हॅलोआर्किया, हा आडाखाही पुरेसा नाही. २००२ मध्ये नोंदवलेला सॅलिनिबॅक्टर रुबर लाल आहे, त्यालाही भरपूर मीठ लागतं, पण तो बॅक्टेरिया आहे. उलट झोडलटोनची हॅलोसार्सिना रंगाने फिकट. तिच्या पेशी तीन दिशांनी विभागून गठ्ठे करतात, आणि ही खूण सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.

वर्गीकरणाची सुरुवात १६एस जनुकाने होते. सगळ्या बॅक्टेरिया-आर्कियांत असणारं हे रायबोसोमच्या आरएनएचं जनुक. ओळखीच्या जातींशी ९८.७ टक्क्यांहून कमी साम्य असेल तर नवी जाती असण्याची शक्यता बळावते. पण या गटात एक पेच आहे. काही जातींच्या एकाच पेशीत या जनुकाच्या एकमेकींशी न जुळणाऱ्या प्रती असतात. हॅलोआर्क्युला मॅरिसमॉर्टुईमध्ये हा फरक पाच टक्क्यांच्या घरात जातो. एकाच प्रतीवर वंशवृक्ष काढला तर तो आपल्या जातीला चुकीच्या फांदीवर नेऊन ठेवतो. म्हणून आरपीओबी-प्राइम हे (आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमचं) जनुक आणि पूर्ण जीनोम बघावा लागतो. जीनोमची सरासरी जुळणी ९५-९६ टक्क्यांखाली आणि डिजिटल डीएनए संकरण (दोन जीनोमच्या साम्याचा संगणकाने काढलेला अंदाज) ७० टक्क्यांखाली असेल तर दावा भक्कम होतो. त्याच्या जोडीला ध्रुवीय लिपिडं, म्हणजे पेशीपटलातली मेदद्रव्यं. इथे माझा आग्रह आहे की जवळच्या जातीचा टाइप स्ट्रेन (जातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो मूळ वाण) मागवून आपल्या स्ट्रेनशेजारी, त्याच माध्यमात, त्याच दिवशी वाढवावा. दुसऱ्याच्या तक्त्यातले आकडे उचलून केलेली तुलना मला पटत नाही.

दिलेलं नाव पुढे बदलूही शकतं. हॅलोसार्सिना पॅलिडा २०१३ मध्ये हॅलोजिओमेट्रिकम या प्रजातीत (जीनसमध्ये) गेली. मूळ वर्णन नेटकं होतं, टाइप स्ट्रेन जिवंत होता, म्हणून पुढच्यांना ती हलवता आली.

टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या सूक्ष्मजीव-संग्रहांत जमा करावा लागतो, आणि त्यांचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय नाव वैध होत नाही. संग्रहालाही तो तुमच्या माध्यमात पुन्हा वाढवून पाहावा लागतो. त्यामुळे लेख लिहायला घेण्याआधीच कल्चर पाठवा, आणि सोबत माध्यमाची पाककृती पेप्टोनच्या कंपनीसकट लिहून द्या.