गावातलं पॉट आइस्क्रीम शोधताना

पुणे-कोल्हापूर रस्त्यावर उन्हाळ्यात निघालात आणि आइस्क्रीमची तल्लफ आली, तर हायवेवरच्या फूडमॉलला थांबू नका. तिथं मिळतं ते शहरातल्यासारखंच. बायपास सोडून गावात शिरा, एसटी स्टँड किंवा जुनी बाजारपेठ गाठा आणि 'पॉट आइस्क्रीम'ची पाटी शोधा. सापडली नाही तर रसवंतीवाल्याला विचारा, त्याला पक्कं ठाऊक असतं.

दुकानात आधी पिंपाकडे बघा. लाकडी पिंपात मधोमध दुधाचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली जातो, म्हणूनच आतलं दूध फिरवता फिरवता गोठतं. "आजचा पॉट कधी काढला?" एवढं विचारलं की पुरे. ताजा असेल तर मालक स्वतःहून चमचाभर चव देतो. जिभेला बर्फाचे खडे लागले तर ते वितळून पुन्हा गोठवलेलं समजा, सरळ पुढच्या दुकानात जा.

मागायचं ते हंगामाचं: एप्रिल-मेमध्ये आंबा, दिवाळीच्या सुमारास सीताफळ. बाराही महिने हिरवागार पिस्ता असतो, तो मी तरी घेत नाही.

पॅकबंद कप घेणार असाल तर झाकण वाचा. 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल तर त्यात बहुधा वनस्पती तेल असतं. नुसत्या 'आइस्क्रीम'मध्ये किमान 10 टक्के दुधाचं स्निग्धांश लागतं.

आणि पार्सलच्या भानगडीत पडू नका, तिथंच बाकड्यावर बसून खा. सुट्टे पैसे जवळ ठेवा.