बँकॉकमध्ये मित्रांसोबत वाढदिवस साजरा करताना

थायलंडच्या सहलीत मित्रमंडळींपैकी कुणाचा वाढदिवस येत असेल, तर केकच्या आधी घड्याळाचा विचार करावा. बँकॉकची वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे; तिथे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा पुण्यात किंवा पणजीत साडेदहा झालेले असतात. मध्यरात्री केक कापून सगळे झोपी जातात न जातात तोच दीड वाजता घरच्यांचे फोन सुरू होतात आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ त्या जागरणात बुडते. घरच्यांना आपल्याकडच्या साडेदहालाच फोन करायला आधी सांगून ठेवावे. मला विचाराल तर मध्यरात्रीचा सोहळा वगळलेलाच बरा, कारण थाई रीतीने वाढदिवस करायचा तर त्याची सुरुवात पहाटे होते.

थाई लोक वाढदिवसाला ‘थाम बुन’ करतात, म्हणजे पुण्य जोडतात. त्यात जन्मतारखेइतकेच जन्मवारालाही महत्त्व असते. वारांची नावे आपल्याला सहज ओळखू येतात: आथित म्हणजे आदित्य, चान म्हणजे चंद्र, आंखान म्हणजे अंगारक, फुत म्हणजे बुध, सुक म्हणजे शुक्र. प्रत्येक वाराचा रंगही ठरलेला आहे. रविवार लाल, सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार नारिंगी, शुक्रवार आकाशी आणि शनिवार जांभळा. निघण्यापूर्वी उत्सवमूर्तीचा जन्मवार पत्रिकेतून किंवा घरच्यांकडून काढून घ्यावा आणि सगळ्यांनी त्या रंगाचा एकेक सदरा सोबत ठेवावा. छापील टी-शर्ट करून घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि तिथल्या माणसांना त्याचा अर्थही कळतो.

पहाटे भिक्षू भिक्षापात्र घेऊन बाहेर पडतात. बाजाराजवळच्या गाड्यांवर त्यांना देण्यासाठी भात, भाजी आणि फळे यांची तयार पाकिटे मिळतात. चपला काढून, काही न बोलता पाकीट पात्रात ठेवावे; स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श होणार नाही याची काळजी घ्यावी. भिक्षू दुपारनंतर जेवत नसल्यामुळे अन्नदान सकाळीच उरकावे लागते. इतक्या लवकर उठणे मंडळींना जमणार नसेल, तर नंतर एखाद्या विहारात जाऊन संघदान करता येते. त्यासाठी नारिंगी किंवा पिवळ्या बादलीत भरलेले तयार संच दुकानांत मिळतात, परंतु ते बहुधा दिसायला भरगच्च आणि वापरायला निरुपयोगी असतात. साबण, दंतमंजन, औषधे, टॉर्च अशा वस्तू स्वतः निवडून घेणे अधिक चांगले. भिक्षू आशीर्वादाचे पठण करत असताना छोट्या भांड्यातून पाण्याची धार सोडण्याची पद्धत आहे. आपल्याकडे दान देताना उदक सोडतात, त्याची इथे आठवण होते. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हे सांगायला नकोच.

तिथून वाट फो हे बौद्ध मंदिर गाठावे. मंगळवारी जन्मलेल्यांसाठी थाई परंपरेत पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती असते आणि वाट फोमधली 46 मीटर लांबीची मूर्ती नेमकी तशीच आहे. जन्मवार दुसरा असला तरी हरकत नाही, कारण अनेक विहारांत सर्व वारांच्या बुद्धमूर्ती ओळीने मांडलेल्या असतात. बुधवारच्या मात्र दोन असतात, दिवसाची वेगळी आणि रात्रीची वेगळी, त्यामुळे जन्मवेळही ठाऊक हवी. वाट फोमध्ये मूर्तीच्या पाठीमागे 108 धातूच्या पात्रांची रांग आहे. सगळ्यांनी मिळून त्यांत नाणी टाकत जावे. त्या किणकिणाटापुढे फटाक्यांची गरज वाटत नाही.

केकची तयारी दोन दिवस आधी करावी. तिथल्या बेकरीतल्या बहुतेक केकमध्ये अंडे असते. बिनअंड्याचा हवा असेल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेली दुकाने शोधावीत. ‘जे’ म्हणजे कडक शाकाहार, त्यात अंडेच काय, दूधही नसते. दूध चालत असेल तर फाहुरात या भारतीय वस्तीत चौकशी करावी, तिथे मिठाईही मिळते. ‘माइ साइ खाइ’ म्हणजे ‘अंडे घालू नका’. मात्र थाई भाषेत सुरावर अर्थ बदलतो, म्हणून हे वाक्य थाई लिपीत फोनवर दाखवणेच सुरक्षित. खोक्यावर 2569 साल दिसले तर दचकू नये. तो बुद्धसंवत आहे, 543 वजा केले की आपले 2026 निघते. फुगवलेले फुगे घेऊन स्कायट्रेन किंवा मेट्रोत जाता येत नाही, त्यामुळे ते हॉटेलवर पोहोचल्यावरच फुगवावेत. ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या आणि फवाऱ्याचे डबे घरून नेऊ नयेत. विमानात ते चालत नाहीत.

संध्याकाळच्या जेवणासाठी था तियान धक्क्याच्या बाजूला, नदीकाठची जागा आधी राखून ठेवावी. समोरच्या तीरावरच्या वाट अरुण या मंदिराच्या नावात पहाट असली तरी त्याचे रूप खुलते ते सूर्यास्तानंतर, दिवे लागल्यावर. जागा ठरवताना बाहेरचा केक चालतो का आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, हे विचारावे. मेनूवर किमतीपुढे दोन अधिकचिन्हे असतील तर 10 टक्के सेवाशुल्क आणि त्यावर 7 टक्के कर लागतो. 1000 बाथचे बिल 1177 वर जाते. वर्गणी काढताना हाच आकडा धरावा, म्हणजे शेवटी कुणाला खिसे चाचपावे लागणार नाहीत. मद्यासाठी वयाची अट 20 वर्षांची आहे, आणि मोठ्या बौद्ध सणांना मद्यविक्रीवर निर्बंध असतात.

वाढदिवसाच्या नावाखाली लाथा घालण्याची आपल्याकडची हौस मात्र घरीच ठेवून जावी. थाई समजुतीनुसार डोके पवित्र आणि पाय हीन मानले जातात. चारचौघांत मित्राला लाथ मारणे किंवा त्याच्या डोक्यावर केक थापणे तिथे फारच ओंगळ दिसते.

औक्षण करायचे असल्यास खोलीत निरांजन पेटवू नये, धुराचा भोंगा वाजतो. सोबत बॅटरीवरचा दिवा, कुंकू आणि सुपारी न्यावी; अक्षतांचे तांदूळ तिथे कुठेही मिळतात. हॉटेलला वाढदिवसाची कल्पना द्यायची असेल, तर पासपोर्टवरची तारीख खरी आहे ना, हे आधी पाहावे. शाळेच्या दाखल्यावर 1 जून लागलेल्यांचे अभिनंदन भलत्याच दिवशी होऊन बसते.