शिडाच्या छोट्या होडीसाठी सुटे भाग आणि हत्यारांची पेटी कशी तयार करावी

मुंबई बंदरात गेटवेपासून मांडव्यापर्यंतचे अंतर जेमतेम सात-आठ सागरी मैल आहे, आणि एवढ्याशा पल्ल्यासाठी सुट्या भागांची पेटी कशाला हवी, असे अनेकांना वाटते. मात्र दुपारचा वायव्येचा वारा चढलेला असताना आणि ओहोटीची ओढ लागलेली असताना बोटाच्या पेराएवढी एक पिन निसटली, तर किनारा समोर दिसत असूनही होडी तिथे नेता येत नाही. हा लेख साधारण १८ ते २६ फुटांच्या, एक डोलकाठी आणि होडीच्या मागे बाहेरून बसवलेले लहान (आउटबोर्ड) इंजिन असलेल्या होडीसाठी आहे. दुकानात तयार मिळणारे संच दिसायला छान असतात, पण त्यांतला निम्मा माल आपल्या होडीला बसत नाही. पेटी आपल्याच होडीच्या मापाने बेतावी लागते.

आधी वही, मग खरेदी

एक सकाळ मोकळी ठेवून वही, मोजपट्टी आणि जाडी-व्यास बारीक मोजणारा व्हर्नियर कॅलिपर घेऊन होडीवर बसावे. डोलकाठीच्या टोकापासून सुरुवात करून खाली सुकाणूपर्यंत प्रत्येक जोड पाहावा आणि पिनेचा व्यास व लांबी, बोल्टची जाडी, तारेचा व्यास, दोराची जाडी अशी मापे लिहून काढावीत. इथे एक गोष्ट विशेष सांभाळावी लागते. जुन्या ब्रिटिश किंवा अमेरिकी बनावटीच्या होड्यांवर पुष्कळ भाग इंचाच्या मापाचे असतात, तर नंतर बदललेले भाग मिलिमीटरचे असतात. पाव इंचाची पिन म्हणजे ६.३५ मिलिमीटर, त्या भोकात ६ मिलिमीटरची पिन बसते खरी, पण हलत राहते आणि भोक मोठे करत जाते. नट-बोल्टचे पाने (स्पॅनर) घेतानाही याच वहीकडे पाहून मिलिमीटरचे, इंचाचे की दोन्ही, हे ठरवावे.

यादी झाली की प्रत्येक भागापुढे एकच प्रश्न लिहावा: हा भाग तुटला तर होडी घरी येईल का? पाणी आत येणे, डोलकाठी पडणे, सुकाणू जाणे आणि इंजिन बंद पडणे या चार प्रसंगांशी ज्यांचा संबंध आहे ते भाग आधी घ्यावेत. बाकीचे सवडीने घेतले तरी चालतात.

डोलकाठीचे आधार

पेटीतला सर्वांत मोलाचा माल येथे लागतो, म्हणून त्यावर हात आखडता घेऊ नये. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा होडीशी क्लेव्हिस पिनांनी, म्हणजे टोकाला भोक असलेल्या जाड पिनांनी, जोडलेल्या असतात आणि त्या पिना जागेवर राहतात त्या या भोकात घातलेल्या, पाय फाकवायच्या बारीक कॉटर पिनांमुळे. होडीवर असलेल्या प्रत्येक मापाच्या किमान दोन क्लेव्हिस पिना आणि मूठभर कॉटर पिना ठेवाव्यात. एकदा वाकवून सरळ केलेली कॉटर पिन पुन्हा वापरू नये, कारण वाकल्याजागी तिची ताकद गेलेली असते. नवी पिन बसवताना तिचे पाय थोडेसेच फाकवावेत आणि वरून टेप गुंडाळावी, म्हणजे शीड अडकून फाटणार नाही. याशिवाय तार ताणणारा एक जादा टर्नबकल आणि निरनिराळ्या मापांची चार-पाच शॅकल (पिनेने बंद होणाऱ्या जोडकड्या) पुरतात.

तार तुटल्यास काय करायचे, हे आधीच ठरवलेले असावे. पुष्कळजण सुटी तार आणि तारेचे दुमडलेले टोक आवळून धरणारे बुलडॉग क्लॅम्प बाळगतात. त्यात चूक काही नाही. फक्त प्रत्येक टोकाला तीन क्लॅम्प लागतात आणि क्लॅम्पचा इंग्रजी यू अक्षरासारखा भाग तारेच्या आखूड, मोकळ्या टोकावर यावा लागतो. परंतु डोलकाठीला वापरली जाणारी एकोणीस पदरांची ताठ तार हलत्या होडीत हाताने वळवणे फार अवघड जाते. त्यामुळे लहान होडीसाठी सर्वांत लांब तारेइतका डायनिमाचा (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचा) दोर मला अधिक सोयीचा वाटतो. डायनिमा गुळगुळीत असल्याने त्यात साधी गाठ सरकते, म्हणून एका टोकाला आधीच किनाऱ्यावर, दोर दोरातच ओवून, पक्का फास करून घ्यावा आणि दुसरे टोक बारीक दोरीचे अनेक फेरे घेऊन ताणून बांधावे. बाजूची तार गेली असेल, तर पेटीतून दोर काढण्याआधी लगेच होडी वळवून वारा दुसऱ्या बाजूने घ्यावा, म्हणजे तुटलेल्या बाजूवरचा ताण उतरतो.

डोलकाठी पडलीच, तर ती होडीच्या बुडाला धडका देऊ लागते आणि तिला सोडवावे लागते. तार कापायला मोठा बोल्ट कटर किंवा बारीक दातांची करवत व भरपूर जादा पाती हवीत. बहुतेक वेळा मात्र पक्कड, हातोडी आणि एक लोखंडी खिळा यांच्या साहाय्याने क्लेव्हिस पिना ठोकून काढणे अधिक लवकर होते.

पाणी, सुकाणू आणि इंजिन

होडीच्या बुडात जितकी भोके, तितके निमुळते मऊ लाकडाचे बूच हवेत, आणि प्रत्येक बूच पेटीत न ठेवता त्या त्या नळाशेजारीच दोरीने बांधून ठेवावे. मऊ लाकूड पाणी पिऊन फुगते आणि भोक घट्ट धरते. सोबत भेगा बुजवायची इपॉक्सी लांबी ठेवावी. पाण्याखाली पक्की होते असे पाकिटावर स्पष्ट लिहिलेले असेल तीच घ्यावी आणि तिची मुदत पाहावी. पाणी उपसण्याच्या पंपासाठी आतला जादा पडदा घ्यावाच, शिवाय दणकट कडीची एक बादली असावी.

सुकाणूची दांडी मोडल्यास तिच्या जागी बसेल असा लाकडी दांडा किंवा पाइप आधी बसवून पाहिलेला असावा. सुकाणूच्या बिजागरांच्या पिना आणि बोल्टही जादा ठेवावेत.

आउटबोर्डसाठी स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, पंख्याची (प्रोपेलरची) शिअर पिन, म्हणजे पंखा अडकल्यास आधी तुटणारी पिन, इंधनाची गाळणी, चालू करण्याची दोरी आणि आपत्कालीन बंद-बटणाची जादा क्लिप एवढे घ्यावे. शेवटची वस्तू हमखास विसरली जाते, आणि ती क्लिप पाण्यात पडली की पुष्कळ इंजिने चालूच होत नाहीत. बंदरातल्या पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्या पंख्याला गुंडाळतात, म्हणून धारदार सुरी हाताशी असावी. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार थांबली, तर आधी इंजिन बंद करावे आणि तिचे तोंड पातळ तारेने साफ करून पाहावे.

शिडासाठी चिकट दुरुस्तीपट्टी, मेण लावलेला दोरा आणि जाड सुया पुरेशा आहेत. पट्टी चिकटवण्यापूर्वी कापडावरचे मीठ गोड्या पाण्याने धुऊन कापड कोरडे करावे, नाहीतर ती धरत नाही. विजेसाठी होडीवरील मापांचे फ्यूज, दिव्यांचे जादा बल्ब, थोडी वायर आणि एक साधा मल्टिमीटर घ्यावा.

खरेदी आणि जपणूक

मुंबईत नट-बोल्ट आणि हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट, तर विजेच्या सामानासाठी लोहार चाळ सोयीची आहे. स्टेनलेस बोल्ट घेताना डोक्यावरची खूण वाचावी. ए२ म्हणजे साधारण ३०४ जातीचे आणि ए४ म्हणजे ३१६ जातीचे पोलाद. खाऱ्या पाण्यासाठी ए४ घ्यावे. चुंबक लावून या दोन जातींतला फरक कळत नाही. त्याने फार तर मुलामा दिलेले लोखंड ओळखू येते. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेस बोल्ट बसवताना आट्यांना लॅनोलिनचे (लोकरीतील चरबीचे) ग्रीस लावावे, अन्यथा दोन धातूंमधील गंजण्याने तो बोल्ट पुढे निघतच नाही.

हत्यारे मोजकी असावीत: पाने, दोन-तीन मापांचे स्क्रूड्रायव्हर, ॲलन की, साधी आणि लॉक होणारी पक्कड, हातोडी, कानस, टोचा आणि डोक्याला लावायची बॅटरी. प्रत्येक हत्याराला दोरीचा फास बांधावा, कारण होडीवर हातातून सुटलेला पाना सहसा पाण्यातच जातो. घट्ट झाकणाची प्लास्टिकची पेटी लोखंडी पेटीपेक्षा बरी. हत्यारे तेलाच्या फडक्यात गुंडाळावीत, छोटे भाग माप लिहिलेल्या पारदर्शक डब्यांत ठेवावेत आणि जड पेटी होडीच्या मधोमध, खाली बांधावी. पिना, टेप, सुरी आणि पक्कड यांची एक लहान थैली मात्र सुकाणूजवळ, हात पुरेल अशी टांगावी.

पेटी भरून झाली की धक्क्याला बांधलेल्या होडीवर केवळ तिच्यातलीच हत्यारे वापरून एक क्लेव्हिस पिन बदलावी, प्लग काढून घालावा आणि राखीव दांडा बसवावा. तार सैल केल्याशिवाय ती पिन काढू नये आणि डोलकाठीला जादा दोराने आधार द्यावा. कोणता पाना बसत नाही, हे तिथेच कळते. पावसाळ्यात होडी वर काढल्यावर पेटी घरी आणून कोरडी करावी, आणि नारळी पौर्णिमेनंतर होडी पुन्हा पाण्यात घालण्याआधी वहीशी पडताळून संपलेले भाग, इपॉक्सीची मुदत आणि बॅटरीचे सेल तपासून घ्यावेत.