प्लेडेटला पाठवण्याआधी "घरात बंदूक आहे का" हे कसं विचारायचं

अमेरिकेत लहान मुलं असलेल्या मराठी आईबाबांसाठी हे लिहितेय, विशेषतः जे इकडे नुकतेच आलेत किंवा ज्यांचं मूल आता शाळेतल्या मित्रांच्या घरी एकटं जायला लागलंय त्यांच्यासाठी. आपण शेंगदाण्याच्या ऍलर्जीचं सांगतो, कुत्रा चावरा आहे का विचारतो, स्विमिंग पूलला कुंपण आहे का तेही विचारतो, पण बंदुकीचं विचारायची वेळ आली की जीभ रेटत नाही, समोरच्याला काय वाटेल, आपण बाहेरून आलेले, उगाच कशाला. माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न प्रत्येक नव्या घराला विचारायचाच, आणि नीट विचारला तर बहुतेक लोक चांगलं उत्तर देतात.

कशासाठी ते आधी सांगते. प्यू रिसर्चच्या २०२३ च्या सर्व्हेत दहातल्या साधारण चार प्रौढांनी सांगितलं की आपल्या घरात बंदूक आहे. हे देशभराचं झालं, मॅसॅच्युसेट्स किंवा न्यू जर्सीत प्रमाण बरंच कमी आणि मोंटाना-वायोमिंगकडे निम्म्याहून जास्त घरांत बंदूक सापडेल, टेक्ससही काही मागे नाही. आणि २०२० पासून १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण बंदूक आहे, गाड्यांचे अपघातसुद्धा त्याच्या खाली गेलेत. टीव्हीवर आपण शाळेतला गोळीबार बघतो आणि हादरतो, पण कपाटातली, उशीखालची, गाडीच्या ग्लव्ह बॉक्समधली बंदूक मुलांच्या हाती लागते त्याची बातमी गावापुरतीच राहते.

२०१८ च्या जानेवारीत कनेटिकटमधल्या गिलफर्ड गावात १५ वर्षांचा एक मुलगा मित्राच्या घरी गेला होता आणि तिथल्या बंदुकीची गोळी लागून तो गेला. बंदुकांना लॉक होतं हो, पण लॉकच्या किल्ल्या आणि गोळ्या त्याच डब्यात होत्या. तेव्हा तिथला कायदा फक्त लोडेड बंदुकीबद्दल बोलायचा, त्या मुलाच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २०१९ मध्ये कायदा बदलून घेतला, आता गोळी भरलेली नसली तरी ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी लागते. म्हणून नुसतं "लॉक आहे ना" एवढं विचारून थांबू नका.

आता प्रत्यक्ष कसं विचारायचं. समोरासमोर अवघड वाटत असेल तर सरळ मेसेज करा, आदल्या दिवशी, मूल दारात सोडताना नाही, कारण दारात विचारलं की दोघांनाही ऑकवर्ड होतं आणि मूल बिचारं बूट काढून उभं असतं. बाकीच्या गोष्टींसोबत विचारा म्हणजे तो एकच प्रश्न टोचत नाही. आणि आधी स्वतःच्या घराचं सांगा. इंग्लिशमध्ये लिहाल पण आशय साधारण असा ठेवा: "तो उद्याची फार वाट बघतोय. त्याला नट्सची ऍलर्जी आहे, आणि पोहता येत नाही म्हणून पूलजवळ लक्ष ठेवा प्लीज. आम्ही प्रत्येक नव्या घराला एक विचारतो, घरात बंदूक असेल तर ती अनलोड करून लॉकमध्ये असते ना? आमच्याकडे बंदूक नाही, मांजर आहे." बस एवढंच. यात तुमच्याकडे बंदूक का आहे असं आपण विचारतच नाही, कशी ठेवलीये ते विचारतो, आणि माझ्या मते सगळी किमया त्यातच आहे.

तरीही धीर होत नसेल तर डॉक्टरांचं नाव पुढे करा. अमेरिकन ऍकॅडमी ऑफ पिडिआट्रिक्स स्वतःच सांगते की जिथे मूल खेळायला जातं तिथे हे विचारा, त्यासाठी २१ जूनला आस्क डे पण पाळतात, नेमकी उन्हाळ्याची सुट्टी सुरू होते तेव्हा. "आमच्या पिडिआट्रिशियनने सांगितलंय" म्हटलं की बोलणं सोपं होतं. (यावरूनही इथे भांडणं झालीत, फ्लोरिडाने २०११ मध्ये डॉक्टरांना पेशंटकडे बंदुकीची चौकशी करायलाच बंदी घातली होती, फेडरल अपील कोर्टाने २०१७ मध्ये ती बहुतांश रद्द केली. एवढा हा विषय नाजूक आहे.)

नाजूक का आहे ते समजून घेतलं तर विचारताना आपला सूर आपोआप बरा लागतो म्हणून थोडं लांबण लावते. शस्त्र बाळगण्याच्या हक्काची घटनादुरुस्ती, म्हणजे सेकंड अमेंडमेंट, १७९१ ची, पण घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं ते २००८ च्या हेलर केसमध्ये. वॉशिंग्टन डीसीत हँडगनवर बंदी होती आणि घरातली इतर बंदूकही सुटी करून किंवा ट्रिगर लॉक लावूनच ठेवायची असा नियम होता, कोर्टाने दोन्ही उडवलं, कारण रात्री कोणी घरात घुसलं तर लॉक लावलेली बंदूक काय कामाची हा युक्तिवाद त्यांना पटला. म्हणजे बघा, बंदूक लॉक करा हा मुद्दा काही लोकांना सरळ हक्कावर घाला वाटतो. पुन्हा खेड्यात राहणाऱ्या माणसाला शेरीफ यायला अर्धा तास लागतो, कोणाच्या घरी आजोबांपासून हरणांची शिकार चालत आलीये, त्यांच्यासाठी बंदूक घरातल्या रोजच्या वस्तूंपैकीच एक. मला स्वतःला कडक कायदे हवेत, बॅकग्राउंड चेक सगळ्या विक्रीला हवा, हे मी कोणालाही सांगेन, पण मुलाच्या प्लेडेटच्या मेसेजमध्ये नाही. तिथे एनआरए (बंदूकधारकांची इथली मोठी संघटना), बायडन, ट्रम्प काही काढू नका. वाद जिंकलात आणि समोरच्याने खरं सांगायचं टाळलं तर धोका तुमच्या मुलाला आहे.

उत्तर आलं की काय करायचं? "आहे, सेफमध्ये असते" असं आलं तर थँक यू म्हणून अजून दोनच गोष्टी विचारा, गोळ्या वेगळ्या लॉकमध्ये आहेत का आणि किल्ली किंवा कोड मुलांना माहीत आहे का. जबाबदार गन ओनर असेल तर तो उलट खूश होऊन सगळं सांगतो, काही जण सेफ दाखवतातसुद्धा. "वरच्या शेल्फवर आहे, मुलांना माहीतच नाही" हे उत्तर मात्र मी चालवून घेणार नाही. दिवाळीचा फराळ आपण कुठे लपवला ते आपल्या पोरांना पहिल्या दिवशी कळतं, हेही तसंच. आणि कोणी चिडलं किंवा उत्तरच दिलं नाही तर भांडू नका, "मग या वेळी आमच्याकडेच येऊ दे ना" किंवा पार्कमध्ये भेटू म्हणा. मैत्री टिकते आणि आपला जीवही टांगणीला लागत नाही.

आपल्या देशी घरांना विचारायचं राहून जातं, ते करू नका. कोविडच्या काळात इथे लाखो लोकांनी पहिल्यांदाच बंदूक घेतली आणि त्यात आशियाई कुटुंबंही आली, दुकान चालवणारे, रात्री उशिरा घरी परतणारे. मंडळात ज्यांना आपण काका-काकू म्हणतो त्यांच्याकडेही असू शकते. तिथे तर मराठीतच विचारा, "काकू, राग मानू नका, पण सगळ्यांनाच विचारते" असं. आणि भारतातून आजीआजोबा आले असतील आणि तेच नातवंडांना ने-आण करत असतील तर त्यांनाही हे सगळं समजावून ठेवा, त्यांच्या डोक्यात हा विचार येणं शक्यच नाही.

मुलांना काय सांगायचं तर चार गोष्टी, थांब, हात लावू नकोस, तिथून पळ, मोठ्या माणसाला सांग. गंमत नाही, हे एनआरएच्याच एडी ईगल कार्यक्रमातलं आहे आणि सांगायला चांगलंच आहे, पण फक्त यावर विसंबू नका, शिकवलेली मुलंसुद्धा बंदूक दिसली की उचलून बघतात असं संशोधनात दिसलंय. खेळण्यातली आहे की खरी हे त्यांना बऱ्याचदा कळत नाही. लॉक करायची जबाबदारी मोठ्यांचीच.

टीनेजर असतील तर प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर. सगळ्या वयांचे मिळून इथले बंदुकीने होणारे निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्येचे असतात. तो टोकाचा क्षण बऱ्याचदा थोडाच वेळ असतो, आणि त्या वेळी बंदूक हाताशी नसली तर मूल वाचायची शक्यता खूप वाढते. मूल गप्प गप्प असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, मार्कांचं किंवा ब्रेकअपचं मनावर घेतलं असेल तर घरातली बंदूक काही काळ घराबाहेर हलवा, ती कुठे आणि कोणाकडे ठेवता येईल हे लोकल पोलिसांना विचारा, आणि मुलाशी थेट बोला. ९८८ या आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनवर कधीही फोन किंवा टेक्स्ट करता येतो. आपल्या समाजात हे झाकून ठेवायची सवय आहे, ती मला फार छळते.

शेवटी, स्वतःच्याच घरात घ्यायचा विचार असेल तर आधी व्हिसा बघा. एच-१बी, एच-४, एफ-१ वर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकच काय गोळ्यासुद्धा बाळगता येत नाहीत, व्हॅलिड हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत. त्यामुळे ऑफिसमधला मित्र मजेत शूटिंग रेंजवर चल म्हणाला तरी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. नवऱ्याचं ग्रीन कार्ड आणि बायको एच-४ असेल तर सेफचा कोड कोणाकडे आहे हाही प्रश्न उभा राहू शकतो, तेही त्याच वकिलाला विचारून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांनी राज्याचा कायदा वाचा, मॅसॅच्युसेट्समध्ये लॉक सक्तीचं आहे, मिशिगनमध्ये ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये गोळीबार करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनाही, बंदूक त्याच्या हाती लागू दिली म्हणून, २०२४ मध्ये तुरुंगवास झाला. केबल लॉक बऱ्याच पोलीस स्टेशनांत फुकट मिळतं, मागितलं की देतात. ते लावण्याआधी मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) काढा, चेंबर (उडवायची गोळी बसते ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा आणि मग सोबतच्या कागदात दाखवलंय तसं केबल बंदुकीच्या आतून ओवून घ्या, नुसती ट्रिगरभोवती गुंडाळू नका.