मगर कोणाची जवळची? गुणांवरून वंशवृक्ष कसा काढावा

सांगलीत कृष्णाकाठी ऊन खात पडलेली मगर आणि माळावरची घोरपड शेजारी ठेवली, तर कोणीही म्हणेल ही सख्खी भावंडं. प्रत्यक्षात मगरीचं जवळचं नातं कोंबडीशी आहे, आणि ते कागद-पेन्सिलीवर काढता येतं. त्याआधी ‘साम्य जास्त म्हणजे नातं जवळचं’ हा सल्ला डोक्यातून काढून टाका.

सहा प्राणी घ्या: मरळ, बेडूक, घोरपड, मगर, कोंबडी, वटवाघूळ. हौसेनं यादी वाढवू नका. मरळ हा मासा बाकीच्यांपासून आधीच वेगळा झालेला, म्हणून बाहेरचा धरला की उरलेल्या पाचांचे १०५ वेगवेगळे वंशवृक्ष, म्हणजे झाडं, होतात. तिथे दहा प्राणी असतील तर ३ कोटी ४४ लाखांच्या वर. घोरपड आणि मगर यांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यांच्यासाठी पुस्तकातल्या आकृत्या पुरेत.

आता तक्ता आखा: प्राण्यांच्या ओळी, प्रत्येक गुणाचा एक रकाना. मरळीत जे आहे ते जुनं, त्याला ०. नंतर आलेलं ते १. नातं ठरतं फक्त सामायिक १ वरून. मगर-घोरपडीचं थंड रक्त मरळीतही आहे, म्हणून ते काहीच सांगत नाही. ‘खवले’ हा रकाना तर करूच नका; माशाचे खवले आणि घोरपडीचे खवले कातडीच्या वेगवेगळ्या थरांतून येतात.

आता आठ रकाने. चार पाय किंवा त्यांचे बदललेले अवयव (मरळ सोडून सगळे). गर्भाभोवती पाण्याची पिशवी (घोरपड, मगर, कोंबडी, वटवाघूळ). केस (वटवाघूळ). पिसं (कोंबडी). कवटीत डोळ्यामागे दोन खिडक्या (घोरपड, मगर आणि कोंबडी, कोंबडीत त्या डोळ्याच्या खोबणीत मिसळल्यात). जाड स्नायूंची पेषणी, म्हणजे चिकनच्या दुकानातला पेठा (मगर, कोंबडी). चार कप्प्यांचं हृदय (मगर, कोंबडी, वटवाघूळ). उडायचे पंख (कोंबडी, वटवाघूळ).

प्रत्येक झाडावर गुण किती वेळा बदलावा लागतो ते मोजा. सर्वांत कमी बदलांचं झाड घ्या.

आणि इथेच गाडी अडते. तीन झाडं बरोबरीत येतात, प्रत्येकी १० बदल. एकात मगर-कोंबडी जोडी आणि त्यांच्या शेजारी घोरपड. दुसऱ्यात तीच जोडी, पण शेजारी वटवाघूळ. तिसऱ्यात चक्क कोंबडी आणि वटवाघूळ जोडीनं. अशा वेळी बहुतेक जण आवडीचं झाड उचलतात किंवा आणखी वीस रकाने कोंबतात. दोन्ही चूक. झाडं ठीक आहेत, शेवटचे दोन रकाने खोटं बोलताहेत.

पंख उघडून बघा. वटवाघळात चार लांबलचक बोटांमध्ये कातडी ताणलेली असते. कोंबडीच्या पंखात बोटं तीनच, तीही आखडून जुळलेली; उडायचं काम पिसांचं. नाव एक, बांधणी दोन. म्हणून रकाने दोन.

हृदय जास्त फसवं. बोकडाचं आणि कोंबडीचं हृदय आणा, पण महाधमनी मुळाशी छाटू नका असं दुकानदाराला आधीच सांगा, नाहीतर बघायला काही उरत नाही. बोकडाची महाधमनी डावीकडे वळते, कोंबडीची उजवीकडे. डावं-उजवं प्राण्याचं, बघणाऱ्याचं नव्हे. निम्मे लोक इथेच चुकतात. वटवाघूळ सस्तन, ते बोकडासारखं. मगरीला महाधमन्या दोन, पण डाव्या निलयातून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) निघणारी उजवीकडेच वळते, कोंबडीसारखी. चार कप्पे दोनदा, वेगवेगळ्या वाटांनी झालेत. हाही रकाना फोडा.

दहा रकान्यांनी पुन्हा मोजा. मगर-कोंबडी आणि शेजारी घोरपड हे झाड १० बदलांवरच राहतं. वटवाघूळ शेजारी असलेलं ११ वर जातं, कोंबडी-वटवाघळाची जोडी १३ वर.

मात्र रकाना फोडायचा तो हाड आणि रक्तवाहिनी बघून, झाड बघून नव्हे. झाड मनासारखं आलं नाही म्हणून फोडलात, तर उत्तर आधी लिहून गणित मागून मांडल्यासारखं होतं.

काढताना फांद्या कशाही फिरवा, टोकांच्या क्रमाला अर्थ नाही. नातं सांध्यावरून, म्हणजे दोन फांद्या जिथे मिळतात तिथून, वाचायचं. नाव देताना एकाच पूर्वजाची सगळी संतती एका गटात घ्यायची, हा जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांचा १९५० पासूनचा आग्रह. तो पाळला, तर मगर आणि घोरपड आत घेऊन कोंबडीला बाहेर ठेवणारा शाळेतला ‘सरीसृप’ गट टिकत नाही. डीएनएवरून काढलेली झाडंही मगर आणि कोंबडीला शेजारीच बसवतात.