पोट्टी हुशार आहे, पण सांगायचं कसं?

तान्ह्या पोळ्याला नागपूरच्या गल्ल्यांमधून पोट्टे लाकडी नंदी ओढत निघतात आणि मागून आई-बाबा. मुलांचे नंदी अंगणात टेकायच्या आत मोठ्यांचं सुरू होतं: "आमची तर स्टेजवर अजिबात घाबरत नाही जी!" "आमच्याचे दहापर्यंतचे पाढे पाठ आहेत." आपल्या लेकराचा अभिमान वाटणारच. तो ऐकणाऱ्याला बोचू नये, यासाठी थोडी तयारी लागते.

आधी समोरचा माणूस पाहा. आजी-आजोबा, मामा, मावशी यांच्यापाशी हात आखडता घेऊ नका. यवतमाळची आजी नातीच्या गोष्टींसाठी फोनची वाटच पाहत असते. तिला सगळं सांगा, दोनदा सांगा. शाळेच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र त्यासाठी नाही. तिथे एखादी आई अशी असू शकते, जिचं मूल अजून नीट बोलत नाही आणि तिने ते कोणालाच सांगितलेलं नाही.

मग विशेषण काढून टाका आणि घडलेलं सांगा. सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. "आमची भलतीच हुशार आहे" यावर समोरचा "हो का?" म्हणण्यापलीकडे काय बोलणार? त्यापेक्षा असं सांगून पाहा: "वहिनी, काल बर्डीवर पोट्टी दुकानाच्या पाट्या वाचून राहिली होती. 'भांडार'चं 'भंडारा' वाचलं आणि म्हणते, मामाचं गाव इथं कसं आलं?" मुलगी वाचायला लागली हे कळलंच, शिवाय वहिनी हसल्या. बहुधा त्यांच्या मुलाचा एखादा किस्साही लगेच बाहेर येईल. गोष्टीत मुलाची छोटीशी चूक असू द्या. मूल हिणवलं जाईल अशी नको, गोड वाटेल एवढीच.

मूल शेजारी उभं असेल तर हे आणखी महत्त्वाचं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचे पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. बुद्धीचं कौतुक ऐकलेली मुलं कठीण कोडी न सुटल्यावर लवकर खचली. मेहनतीचं कौतुक ऐकलेली जास्त टिकली. आपलं लेकरू त्यांच्याहून लहान आहे, पण कान त्यालाही आहेत. म्हणून "अक्षर जुळेना तरी सोडलं नाही तिने" हे वाक्य तिच्यासमोर बिनधास्त बोला.

वयाचा आकडा शक्यतो टाळा. "दहाव्या महिन्यात चालायला लागला" म्हटलं की ऐकणारी मनातल्या मनात हिशेब मांडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ साधारण ८ ते १८ महिने इतका ऐसपैस निघाला. वाचनाचंही तसंच. सरकारच्या निपुण भारत मोहिमेतही समजून वाचता येण्यासाठी तिसरीअखेरपर्यंतची मुदत आहे. बालवाडीत शर्यत कशाला?

तक्रारीच्या वेषातली बढाई तर लगेच ओळखू येते. "काय करू बाप्पा, रात्री पुस्तक सोडतच नाही, वैताग आहे नुसता!" हिच्यापेक्षा सरळ बढाई परवडली.

उलट टोकही तितकंच वाईट. कोणी कौतुक केलं की नजर लागेल म्हणून किंवा संकोचाने आपण म्हणतो, "कसलं काय, नुसता हुंदडतो दिवसभर." मोठ्यांना त्यातली नम्रता कळते, चार वर्षांच्या मुलाला फक्त शब्द कळतात. नजरेची भीती असेल तर घरी येऊन मीठ-मोहऱ्या ओवाळा.

पाहुण्यांपुढे "काकांना कविता म्हणून दाखव" हे माझ्या मते बंदच करावं. मूल आपणहून म्हणत असेल तर म्हणू द्या. व्हिडिओ कोणाला पाठवायचा असेल तर आधी मुलालाच विचारा; चार वर्षांचं मूलसुद्धा "नको" स्पष्ट म्हणतं.

कोणी कौतुक केलंच, तर "हो, तिला आवडतं ते" एवढं पुरे. लगेच त्यांच्या मुलाबद्दल विचारा. "त्याला वाचता येते का?" असं नको, "सध्या काय आवडून राहिलं त्याला?" असं विचारा. उत्तर "जेसीबी" आलं, तर जेसीबीबद्दल पुढे विचारा.